दारफळणीच्या आधीचा एक फोन

शालोम मावशी,

मी ठाण्याला राहते, वय ४६. साडेतीन वर्षांपूर्वी माझी आई गेली. शेवटचं वर्षभर ती दादा-वहिनींकडे होती. ती गेल्यावर काही महिन्यांनी मावसभावाकडे मालिदा, म्हणजे आमच्यातला प्रार्थनेचा आणि प्रसादाचा विधी होता, पंधराएक माणसं जमली होती. जेवणं झाल्यावर मी सगळ्यांदेखत बोलून गेले की वहिनीने आईच्या गोळ्या बंद केल्या म्हणून आई लवकर गेली. वहिनी एक शब्द बोलली नाही, ताटं उचलून आत गेली. पुढे आईची फाइल माझ्या हाती आली. ती गोळी डॉक्टरांनीच बंद करायला सांगितली होती, आणि मला कळवू नका असं आईनेच बजावलं होतं. त्याच वर्षी दादा-वहिनी मुलांना घेऊन इस्रायलला गेले. आता अश्दोदला असतात.

दर वर्षी किप्पूरच्या, म्हणजे आम्हा बेने इस्राएल ज्यूंच्या प्रायश्चित्ताच्या उपासाच्या (जुनं नाव दारफळणी) आधी मी व्हॉट्सॲपवर सगळ्यांना संदेश पाठवते, ‘वर्षभरात कळत-नकळत कुणाचं मन दुखावलं असेल तर क्षमा असावी.’ वहिनीलाही पाठवते. ती वाचते, निळ्या खुणा दिसतात, पण उत्तर येत नाही. तीन वर्षांत तीनदा पाठवला. सिनेगॉगमधले एक काका म्हणाले, तीनदा क्षमा मागितली आणि समोरच्याने केली नाही तर दोष त्याच्याकडे जातो. मग माझ्याकडून हे संपलं असं समजू का? की माझा उपास अजूनही फुकट जातोय?

दुसरं म्हणजे सासूबाई. वय ७४, दिवसातून दोनदा इन्सुलिन. गेल्या वर्षी उपासात दुपारी त्यांना घाम फुटला, काय बोलताहेत ते त्यांना कळेना. तरी यंदाही पाणीसुद्धा घेणार नाही म्हणतात. त्यांना कसं समजावू?

— ठाण्याची एक वाचक

·

शालोम बाई,

आधी सासूबाईंचं सांगते, कारण त्यात जिवाचा प्रश्न आहे आणि उत्तर स्पष्ट आहे.

दुपारी घाम फुटून बोलणं असंबद्ध झालं म्हणतेस, ती साखर एकदम खाली गेल्याची लक्षणं दिसतात. असं पुन्हा झालं तर कुणाला विचारत बसू नकोस. शुद्धीवर असतील आणि गिळता येत असेल तर लगेच साखरपाणी दे. गिळता येत नसेल तर तोंडात काही न घालता थेट दवाखाना गाठ. पण तिथवर जाऊच द्यायचं नाही. या आठवड्यातच त्यांना त्यांच्या डॉक्टरांकडे घेऊन जा आणि सरळ विचार, पंचवीस तास पोटात अन्नपाणी नसलं तर चालेल का, आणि इन्सुलिनचं काय करायचं. घरच्या घरी डोस कमी-जास्त करायचा नाही. डॉक्टर नको म्हणाले तर विषय संपला.

‘डॉक्टरांना आपल्या धर्मातलं काय कळतं,’ असं त्या म्हणतील. माझ्या आईनेही म्हटलं होतं. तेव्हा त्यांना मिश्नाच सांग, आपल्या शास्त्राचा तो जुना नियमग्रंथ. योमा नावाचा अख्खा भाग या एका दिवसावर आहे. त्याच्या आठव्या प्रकरणात लिहिलंय की आजाऱ्याला जाणकारांच्या सांगण्यावरून खायला घालावं, आणि जाणकार जवळ नसतील तर त्याच्या स्वतःच्या सांगण्यावरून घालावं, तो ‘पुरे’ म्हणेपर्यंत. गरोदर बाईला एखाद्या पदार्थाचा वास आला आणि जीव कासावीस झाला तर तिलाही द्यावं, असं तिथेच आहे. हे शास्त्राने नाइलाजाने दिलेली सूट म्हणून लिहिलेलं नाही. जीव वाचवणं हीच त्या दिवशीची आज्ञा होते. ज्याला खायला हवं त्याने हट्टाने उपाशी राहणं म्हणजे ती आज्ञा मोडणं. १८४८ साली व्हिल्ना शहरात पटकी पसरली होती, तेव्हा रब्बी इस्राएल सालांतर यांनी किप्पूरच्या दिवशी सिनेगॉगमध्ये सगळ्यांसमोर स्वतः खाऊन दाखवलं, असं सांगतात. लोकांनी लाजेपोटी उपाशी राहून मरू नये म्हणून.

थोड्या थोड्या वेळाने अगदी लहान घास, लहान घोट घेण्याचीही एक रीत आहे. उपासाची मर्यादाही बऱ्याच अंशी पाळली जाते आणि तब्येतही सांभाळली जाते. किती घ्यायचं, किती मिनिटांनी घ्यायचं, हे डॉक्टरांचं ऐकल्यावर रब्बींना विचारून घे. आणि एक कर. त्या दिवशी त्यांना स्वयंपाकघरात एकटीला उभ्याने खायला लावू नकोस. पांढरी साडी नेसू दे, शेजारी बस, खाण्याआधीचा आशीर्वाद त्यांना म्हणू दे, आणि मग हातात वाटी दे. आयुष्यभर पाळलेला उपास सुटला याचं त्यांना फार लागणार आहे. वादापेक्षा तुझ्या सोबतीने ते कमी होईल.

आता वहिनीचं.

तुझं पत्र मी दोनदा वाचलं. तू खोटी वागतेस असं मला वाटत नाही. खोटं वागणारी बाई साडेतीन वर्षांनी असं पत्र लिहीत नाही. तरी तुला ऐकायला जड जाईल ते सांगते. तू क्षमा तीनदा मागितलेली नाहीस. एकदाही मागितलेली नाहीस.

तो संदेश पुन्हा वाच. ‘कळत-नकळत.’ तुला तर कळलेलं होतं, फाइल तुझ्या हातात होती. ‘दुखावलं असेल तर.’ दुखावलं होतं की नाही याची तुला शंका होती का? ती ताटं उचलून आत गेली, हे तूच लिहिलं आहेस. ‘कुणाचं.’ तिचं नाव तुला ठाऊक आहे. तोच संदेश तुझ्या वाण्याला गेला, शाळेतल्या मैत्रिणींना गेला, आणि जिच्यावर तू सासूच्या मरणाचा ठपका ठेवलास तिलाही गेला. तिने उत्तर द्यायचं तरी कशाला? तिच्या जागी मी असते तर तो वाचून मला वर्षागणिक जास्त राग आला असता.

काकांनी सांगितलेला नियम खरा आहे, पण अर्धा. बाराव्या शतकातले मोठे धर्मपंडित रांबाम यांनी मिश्ने तोरा या आपल्या नियमग्रंथात लिहिलंय की दुखावलेला माणूस क्षमा करत नसेल तर आपल्याबरोबर तीन माणसं घेऊन त्याच्याकडे जावं, विनवावं. नाहीच मानलं तर दुसऱ्यांदा, तिसऱ्यांदा जावं. त्यानंतर मात्र त्याला सोडावं, आता पाप त्याच्याकडे. यातलं ‘जावं’ हे क्रियापद पाहा. माणसं सोबत घेऊन, त्याच्या दारात, काय केलं ते तोंडाने सांगत. नंतरच्या शास्त्रकारांनी तर स्पष्टच म्हटलंय की कशाबद्दल क्षमा मागतोय ते नेमकं बोललं पाहिजे, अपवाद फक्त ते ऐकूनच समोरच्याला लाज वाटणार असेल तर.

आणि त्या नियमाला आणखी एक पोटनियम आहे, जो काकांनी तुला सांगितला नाही. सोळाव्या शतकात पोलंडमध्ये क्राकोला रब्बी मोशे इस्सेर्लेस होते. शुल्हान आरुख या नियमग्रंथावरच्या त्यांच्या टिपणात, क्षमा मागणाऱ्याशी निष्ठुर होऊ नये हे सांगितल्यावर ते पुढे म्हणतात की ज्याने खोटी बदनामी केली त्याला क्षमा करायला माणूस बांधील नाही. या विचाराचं मूळ यरुशलेमच्या तल्मूदइतकं, म्हणजे मिश्नावरच्या प्राचीन चर्चांइतकं जुनं आहे. कारण समजायला अवघड नाही. तू माझ्याकडून हजार रुपये नेलेस तर ते परत करता येतात. तू माझ्याबद्दल पंधरा माणसांसमोर काही बोललीस, आणि त्यातल्या पाचांनी ते आणखी पन्नासांना सांगितलं, तर ते कुठून कुठून गोळा करून आणशील? तेव्हा दोष वहिनीकडे गेला हे डोक्यातून काढून टाक. तू केलंस ती तशीच बदनामी आहे. तिने कधीच क्षमा केली नाही तरी तिच्याकडे पाप जात नाही.

मला हे इतकं ठामपणे बोलता येतं कारण मी स्वतः यातून गेले आहे. माझ्या मोठ्या जावेची आणि माझी गोष्ट. लग्नाला दोन वर्षं झाली होती. सासूबाईंनी दिलेली माझी एक पाटली सापडेना. मी सासूबाईंना म्हटलं, माझ्या खोलीत त्या दिवशी जाऊबाईच आल्या होत्या. एवढंच म्हटलं. चोर म्हटलं नाही. म्हणायची गरजच नव्हती. आठ महिन्यांनी तांदळाचा डबा तळापर्यंत रिकामा केला तेव्हा पाटली सापडली, मीच कधीतरी लपवून ठेवली होती आणि विसरले होते. मी ती धुतली, कपाटात ठेवली आणि कुणालाही काही बोलले नाही. दर किप्पूरला छातीवर मूठ मारून म्हणत राहिले की आम्ही चुकलो. जाऊबाई माझ्या बाळंतपणात आल्या, राबल्या. त्या घरात त्यांच्याकडे किल्ल्या मात्र पुन्हा कधी दिल्या गेल्या नाहीत. अठरा वर्षांनी त्या गेल्या.

गेलेल्या माणसाचं काय करायचं हेही रांबाम सांगतात. दहा माणसं घेऊन कबरीपाशी जायचं आणि त्यांच्यासमोर म्हणायचं, इस्राएलच्या देवाचा आणि या माणसाचा मी अपराध केला, मी असं असं केलं. मी गेले. दहा माणसं जमवायला मला तीन आठवडे लागले, कारण प्रत्येकाला कशासाठी ते सांगावं लागलं, आणि अर्धं प्रायश्चित्त त्यातच झालं. कब्रस्तानात भर दुपारी उभी राहिले आणि ‘पाटली’ हा शब्द तोंडातून निघेना. सासूबाईही तोवर गेल्या होत्या. किल्ल्या परत देणारं कुणी उरलं नव्हतं. मी सगळं बोलले, घरी आले, आणि आजही मला वाटतं की ते ज्यांनी ऐकायला हवं होतं त्यांच्यापैकी एकानेही ऐकलं नाही. तुझी वहिनी अश्दोदला जिवंत आहे आणि तुझ्याकडे तिचा नंबर आहे. यापलीकडे मी तुला काय सांगू?

तू विचारलंस, उपास फुकट जातोय का. ‘फुकट’ हा शब्द मी वापरणार नाही. तुझ्या आणि देवाच्या मधलं जे आहे त्यासाठी तो उपास आहे आणि तिथे तो पोचतो. पण सासूबाईंसाठी जे प्रकरण उघडशील त्याच्याच शेवटी ही दुसरी ओळ आहे: माणूस आणि देव यांच्यातल्या पापांचं प्रायश्चित्त किप्पूरच्या दिवसाने होतं, माणूस आणि माणूस यांच्यातल्या पापांचं होत नाही, जोवर त्या माणसाची समजूत काढलेली नाही. दिवसाचा अधिकारच तिथवर पोचत नाही. उपास सुरू होताना म्हणतात त्या कोल निद्रेचंही तसंच. त्याने सुटतात ते स्वतःपुरते, देवाशी केलेले नवस-शपथा. दुसऱ्या माणसाचं देणं त्याने सुटत नाही.

दुपारी मिन्हाच्या प्रार्थनेला योना प्रेषिताचं पुस्तक वाचतात ते नीट ऐक. योना ज्या याफो बंदरातून पळाला ते अश्दोदपासून फार लांब नाही, म्हणून यंदा तुला ते जरा जवळचं वाटेल. योनाने ताकीद दिल्यावर निनवे शहराच्या लोकांनी गोणपाट नेसलं, उपास केला, गुराढोरांनासुद्धा पाणी दिलं नाही. पण देवाने काय पाहिलं असं तिथे लिहिलंय? मिश्नात तानीत नावाच्या भागात आहे की उपासाच्या दिवशी वडीलधारा माणूस लोकांपुढे उभा राहून हेच सांगे: बंधूंनो, ‘देवाने त्यांचं गोणपाट आणि त्यांचा उपास पाहिला’ असं लिहिलेलं नाही, देवाने त्यांची कृत्यं पाहिली, की ते वाईट वाटेवरून फिरले.

विद्दुईत, म्हणजे पापकबुलीच्या प्रार्थनेत, आपण हिब्रू अक्षरांच्या क्रमाने एकेक पाप म्हणतो. आशाम्नू, बागाद्नू, गाझाल्नू, आणि चौथं दिब्बार्नू दोफी. आम्ही कुभांड रचलं, आम्ही वाईट बोललो. सगळं अनेकवचनात आहे, ‘आम्ही’. त्या ‘आम्ही’त मोठा आधार आहे, कुणी एकटा पडत नाही. पण लपायलाही तिथे भरपूर जागा आहे, आणि तू-मी दोघी तिथे लपलो. जोसेफ एझेकिएल राजपूरकरांनी एकोणिसाव्या शतकात हिब्रू प्रार्थना मराठीत उतरवल्या. बायकांनी आपल्या भाषेत वाचल्या की चटका बसतो. हिब्रूत चारशे वेळा म्हटलेली गोष्ट ‘मी वहिनीबद्दल खोटं बोलले’ अशी मराठीत एकदा म्हणून बघ.

म्हणून फोन कर. संदेश नको, आवाजाचं रेकॉर्डिंग पाठवणंही नको, आणि दादाला मध्ये घालू नकोस. दादाने तिला समजावलं तर ती दादासाठी हो म्हणेल. चित्र दिसणारा फोनही नको, तिला आपला चेहरा सावरायला लागू नये. नुसता आवाज.

काय बोलायचं ते लिहून घे, चार वाक्यांच्या वर जाऊ नकोस. ‘वहिनी, त्या मालिद्याला मी म्हणाले की तू आईच्या गोळ्या बंद केल्यास. ते खोटं होतं. डॉक्टरांनी बंद केल्या होत्या हे मला त्यानंतर थोड्याच दिवसांत कळलं, तरी मी गप्प बसले. मला क्षमा कर.’ यातलं तिसरं वाक्य तुला गाळावंसं वाटेल. गाळू नकोस. बोलून गेलीस ते दुःखाच्या भरात, ते कुणीही समजून घेईल. कळल्यानंतरची तीन वर्षं मात्र दुःखाची नव्हती, आणि तिला जे टोचतंय ते बहुधा तेच आहे. ‘मी तेव्हा आईच्या जाण्याने वेडीपिशी झाले होते’ हे खरं असलं तरी त्या दिवशी बोलायचं नाही. तिने विचारलं तर सांग. आणि तुला माहीत नव्हतं ते आईनेच लपवायला सांगितलं होतं म्हणून, तरी आईवरही काही ढकलू नकोस.

मग थांब आणि ऐक. ती रडेल, चिडेल, जुनी आणखी चार प्रकरणं काढेल, त्यातली दोन तुला अन्यायाची वाटतील. त्या दिवशी त्यांची उत्तरं द्यायची नाहीत. ती फोन ठेवून देईल. फोन उचलणारच नाही असंही होईल, तर दुसऱ्या दिवशी पुन्हा कर, आणि मग हातानं पत्र लिही. ‘किप्पूर आलाय, आता तरी मोठ्या मनाने माफ कर’ असं चुकूनही म्हणू नकोस. ही मुदत तुझ्यावर आहे, तिच्यावर नाही. ज्याने घाव घातला त्याने सूर्यास्ताचं घड्याळ दाखवून घाव भरून मागायचा नसतो. तिला क्षमा करायला पुढचा किप्पूर लागेल, त्याच्या पुढचा लागेल. तू क्षमा मागितलीस, त्या दिवसापुरतं तुझ्या हातातलं ते तू केलंस.

पण तिथे तुझं काम संपत नाही, अर्धं राहतं. ती पंधरा माणसं. त्यांच्या डोक्यात तुझी वहिनी आजही सासूची औषधं तोडणारी सून आहे. रांबाम म्हणतात की माणसामाणसांतली पापं लोकांसमोर उघड कबूल करावीत, अमक्याचा मी अपराध केला, असं असं केलं, असं नावानिशी. आणि जो ताठ्याने लपवतो त्याचा पश्चात्ताप पुरा झालेला नाही. म्हणून जे चारचौघांत बोललीस ते चारचौघांत मागे घ्यायचं. वहिनीला फोनवरच सांग की मी सगळ्यांना खरं सांगणार आहे, आणि कसं सांगू ते तिला विचार. नातेवाइकांच्या ग्रुपवर लिहिलेलं तिला नको असेल, कारण त्याने विषय पुन्हा उकरला जातो, तर एकेकाला फोन कर, पंधराच्या पंधरा. मावसभावापासून सुरुवात कर, घर त्याचं होतं. तिने फोन उचललाच नाही तरी हे काम अडत नाही, खोटं मागे घ्यायला तिची परवानगी लागत नाही. कुणी म्हणेल, ‘अगं जाऊ दे, आम्ही कधीच विसरलो.’ तरी वाक्य पुरं कर.

वेळेचं बघ. यंदा किप्पूर सोमवारी २१ सप्टेंबरला आहे, म्हणजे उपास रविवारी २० तारखेला सूर्य मावळायच्या आत सुरू. नव्याचा सण, म्हणजे आपलं नवं वर्ष, १२ तारखेला, शनिवारी. त्यानंतरचा नव्याचा रोजा सोमवारी १४ ला, त्याच दिवशी गणेश चतुर्थी आहे. रविवारी २० ला संध्याकाळी सात दिवसांच्या गणपतींचं विसर्जन असणार. ठाण्यात त्या वेळी तळ्यांकडचे रस्ते कसे असतात ते तुला मी सांगायला नको. सासूबाईंना घेऊन चारलाच निघ, नाहीतर कोल निद्रे तुझं रिक्षातच होईल. आत बसल्यावर बाहेरून ढोल ऐकू येतील. त्याचं काही वाटून घेऊ नकोस. इतकी वर्षं आपले सण शेजारच्यांच्या सणांना खेटूनच आले आहेत. २०२५ साली तर किप्पूर ऐन दसऱ्याला, २ ऑक्टोबरला होता.

आपल्या पूर्वजांना कोकणात ‘योम किप्पूर’ हे नावही माहीत नव्हतं म्हणतात, त्यांचा हा दारफळणीचा सण. हिब्रू प्रार्थना विस्मरणात गेल्या होत्या, पुस्तकं नव्हती, प्रार्थना चालवणारे हझ्झान नव्हते, तरी त्या दिवशी पांढरे कपडे घालून, दारं लावून घेऊन, उपाशी राहून घरात बसायचं एवढं त्यांनी हातचं सोडलं नाही. संध्याकाळच्या शेवटच्या प्रार्थनेला, नेइलाला, हिब्रूत अर्थच आहे दरवाजे बंद होणं. तिथे बंद होतात ती स्वर्गाची दारं, आपल्याकडे घराची. हा योगायोग असेल, पण मला लहानपणापासून तो एकच दरवाजा वाटतो. आणि दार लावून घेणाऱ्या घरात सगळी कामं आदल्या दिवसापर्यंत उरकलेली असतात. पाणी भरलेलं, देणी दिलेली, ज्याचा त्याचा निरोप ज्याला त्याला पोचलेला. दार लावल्यावर आठवलं तर उपयोग नाही.

म्हणून फोन रविवारवर ठेवू नकोस. त्या दुपारी अश्दोदमध्ये ती उपासाआधीच्या जेवणाच्या गडबडीत असेल, आणि तू दमून घाईत बोलशील. शुक्रवारही नको, शब्बाथची, म्हणजे शनिवारच्या विसाव्याच्या दिवसाची तयारी असते. गुरुवारी १७ तारखेला कर. आपलं घड्याळ तिकडच्या अडीच तास पुढे आहे. आपल्याकडे साडेनऊ होतात तेव्हा तिकडे संध्याकाळचे सात. मुलं घरी आलेली असतात, स्वयंपाक व्हायचा असतो. सासूबाईंचं रात्रीचं इन्सुलिन आणि जेवण आटोपून घे, गच्चीवर जा, कागद हातात धर आणि लाव.